काट्यांची साक्ष : जुन्या पिकअपच्या मीटरांची तारजोडणी

ज्या पिकअप गाडीने पंधरा-वीस पावसाळे अंगावर घेतले आहेत, जिच्या हौद्यातून आंब्याच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या आणि खताची पोती वर्षानुवर्षे वाहिली गेली आहेत, आणि जिचे इंजिन अद्यापही मालकाच्या सेवेस तत्पर आहे, तिच्या डॅशबोर्डाची अवस्था मात्र बहुधा केविलवाणी झालेली असते. डिझेलचा काटा तळाशी निजलेला, टेम्परेचरचा काटा खड्डा आला की दचकून उठणारा, ऑइलच्या दिव्याच्या जागी नुसते भोक, आणि टाकीत किती डिझेल उरले हे पाहण्यासाठी सीटमागे जपून ठेवलेली वेताची काठी. अशी गाडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मीटर बदलून झालेला असतो, वायरमनचे पैसे चुकते झालेले असतात, आणि तरीही दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न होतात, तेव्हा मालक कंटाळून काठीचाच आश्रय घेतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचा डिझेल मीटर मी दोन वर्षांत तीन वेळा बदलला. तिसराही मीटर आठवड्याभरात निपचित पडला, तेव्हा एका दुपारी मी हौद्याखाली पाठीवर आडवा होऊन टाकीकडून निघालेली प्रत्येक तार बोटांनी चाचपत गेलो, आणि टाकीवरील फ्लोटच्या झाकणापासून चासीपर्यंत जाणारी वीतभर लांबीची काळी तार हाताचा स्पर्श होताच पिठासारखी विरून गेली. तीनही मीटर निर्दोष होते. त्या दिवसापासून माझी अशी दृढ धारणा झाली आहे, की काट्यावर आरोप ठेवण्यापूर्वी त्याच्यापर्यंत येणाऱ्या निरोपाची शहानिशा करावी, आणि त्या शहानिशेचा प्रारंभ नेहमी परतीच्या वाटेपासून, म्हणजे अर्थिंगपासून करावा. या लेखातील पुढील सर्व तपशील या एका धारणेच्या अनुरोधानेच मांडला आहे.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या पिकअपची दोन घराणी ठळक आहेत: विलीज जीपच्या वंशातून उतरलेली महिंद्राची वाहने, आणि टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेल्या टाटामोबाइलच्या मागोमाग आलेली टाटाची वाहने. या दोन्ही घराण्यांत विजेचा दाब बहुतांशी १२ व्होल्टचा असतो आणि बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या लोखंडाला जोडलेले असते. परंतु हे गृहीत धरून कामाला लागू नये. लष्करी लिलावातून आलेल्या काही वाहनांत २४ व्होल्टची योजना असते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश वाहनांत धन अग्रच लोखंडाला जोडलेले असे. सबब बॅटरीची कोणती केबल चासीला गेली आहे हे डोळ्यांनी पाहावे, दाब मल्टिमीटरने मोजावा, आणि मगच चासीला गेलेली ती केबल सोडवून बाजूला बांधून ठेवावी. ही केबल सुटलेली असेपर्यंत पाना चुकून कोठेही टेकला तरी अनर्थ होत नाही.

आता मीटरच्या विद्युत्-मार्गाचे स्वरूप पाहू. चावी फिरविली की बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेला प्रवाह मीटरच्या एका स्क्रूवर पोचतो, मीटरच्या पोटातून दुसऱ्या स्क्रूवर येतो, तेथून लांब तारेने टाकीतील फ्लोटकडे किंवा इंजिनावरील सेन्सरकडे जातो, आणि तेथून पुढे तार संपते; कारण परतीचा सारा प्रवास गाडीच्या लोखंडातून व्हावा अशी योजना असते. फ्लोट अथवा सेन्सर म्हणजे मूलतः बदलता रोध होय. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब कायम असता रोध वाढला की प्रवाह घटतो, आणि काटा ही प्रवाहाची घटवाढच आपल्याला लिटरांच्या किंवा अंशांच्या भाषेत सांगत असतो. काट्याला रोध कोठे आहे याचे ज्ञान नसते. फ्लोटमधला रोध, गंजलेल्या बोल्टाचा रोध आणि सैल थिंबलचा रोध यांची बेरीजच त्याच्यापुढे येते, आणि तो त्या बेरजेची साक्ष देतो. बेरजेत भलत्या रकमा मिसळू न देणे हेच तारजोडणी करणाऱ्याचे मुख्य कर्तव्य होय.

या भलत्या रकमा कोठून येतात, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जुन्या पिकअपचे निम्म्याहून अधिक दुखणे येथेच असते असा माझा अनुभव आहे. गाडीचे लोखंड हे एकसंध लोखंड आहे असे आपण मानतो. वस्तुस्थिती तशी नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. केबिन रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते. हौद्याखाली कोठे लाकडाची तर कोठे रबराची पट्टी असते, आणि डिझेलची टाकी पत्र्याच्या पट्ट्यांनी, पुष्कळदा मधे फेल्ट किंवा रबर घालून, आवळलेली असते. म्हणजे चासी, इंजिन, केबिन आणि टाकी ही चार स्वतंत्र संस्थाने आहेत, आणि त्यांच्यामध्ये दळणवळण ठेवणाऱ्या विणीच्या तांब्याच्या पट्ट्या जर गंजल्या, तुटल्या किंवा मागील एखाद्या दुरुस्तीत परत बसविल्याच गेल्या नाहीत, तर प्रवाहाला आडवाटा शोधाव्या लागतात. इंजिन आणि चासी यांमधील पट्टी नसेल तर सेल्फ मारताना शेकडो अँपिअरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून परतू पाहतो. त्या केबलचे आवरण वितळलेले दिसले तर केबलला दोष न देता प्रथम ती पट्टी शोधावी.

या कामाचा बंदोबस्त असा करावा: बॅटरीच्या ऋण अग्रापासून इंजिनाच्या ठोकळ्याला एक जाड केबल, इंजिनापासून चासीला एक विणीची पट्टी, चासीपासून केबिनच्या पत्र्याला दुसरी, आणि टाकीवरील फ्लोटच्या झाकणापासून चासीला निदान दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार. जेथे थिंबल बसावयाची तेथील रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, आणि आवळून झाल्यावर त्या सर्व जागेवर ग्रीस अथवा व्हॅसलीन फासावे. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर हा क्रम चालत नाही असे नाही, परंतु कोरड्या, स्वच्छ धातूवर बसलेली थिंबल मला अधिक विश्वासार्ह वाटते. कोकणातल्या खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाडीला ही काळजी दर पावसाळ्यापूर्वी घ्यावी लागते. डॅशबोर्डामागे सर्व मीटरांची काळी तार एका ठिकाणी आणून तेथून अडीच चौरस मिलिमीटरच्या एकाच तारेने केबिनच्या घासलेल्या पत्र्याला न्यावी. प्रत्येक मीटरला जवळच्या मिळेल त्या स्क्रूवर अर्थिंग देण्याची जी पद्धत आहे तिच्यामुळे दिवे लावले की डिझेलचा काटा सरकणे, इंडिकेटरबरोबर टेम्परेचरचा काटा नाचणे, हे चमत्कार घडतात.

अर्थिंग चांगले झाले की नाही याचा निर्वाळा डोळे देऊ शकत नाहीत. तो मल्टिमीटरनेच घ्यावा. त्यासाठी बॅटरीची सुटी केलेली केबल तेवढ्यापुरती पुन्हा जोडावी, हेडलाइट आणि वायपर चालू करावेत, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून त्याची काळी सळई बॅटरीच्या ऋण अग्राच्या प्रत्यक्ष शिशावर, क्लॅम्पवर नव्हे, टेकवावी आणि तांबडी सळई क्रमाने इंजिनाला, चासीला, केबिनच्या पत्र्याला, मीटरांच्या अर्थिंगच्या बोल्टाला आणि टाकीच्या झाकणाला लावीत जावे. सर्व ठिकाणी आकडा शून्याच्या जवळ यावयास हवा, तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर त्या ठिकाणापर्यंतच्या वाटेत कोठेतरी रोध दडला आहे असे निश्चित समजावे. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ज्याने हे काम एकदा केले आहे तो नवा मीटर विकत घेण्याची घाई पुन्हा करीत नाही.

परतीची वाट शुद्ध झाल्यावर दुसरा प्रश्न असा, की मीटर आणि फ्लोट यांची भाषा एक आहे काय? बाजारात मीटर सुंदर मिळतात, काचेला निकेलची कडी असते, किंमतही माफक असते. परंतु कोणताही मीटर कोणत्याही फ्लोटशी जुळत नाही, हे विक्रेता क्वचितच सांगतो. निरनिराळ्या उत्पादकांनी रोधाची निरनिराळी मापे मुक्रर केलेली आहेत. अमेरिकेतील स्टुअर्ट वॉर्नर पद्धतीत टाकी रिकामी असता सुमारे २४० ओहम आणि भरलेली असता सुमारे ३३ ओहम असतात. फोर्डच्या जुन्या ट्रकांत रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम. जनरल मोटर्सच्या १९६५ च्या पुढील वाहनांत याच्या उलट, रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ९०. तर जर्मनीच्या व्हीडीओ पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० असा क्रम असतो. यांतील एका पद्धतीचा मीटर दुसऱ्या पद्धतीच्या फ्लोटला जोडला तर काटा एकतर उलटा चालतो, किंवा अर्ध्यापर्यंतच जाऊन थांबतो, आणि कितीही कुशल वायरमन आणला तरी त्या गाडीची टाकी कागदोपत्री कधीच भरत नाही.

आपल्या गाडीतील फ्लोट कोणत्या पद्धतीचा आहे हे शोधण्यासाठी पुस्तकाची आवश्यकता नाही. टाकीवरील झाकणाचे स्क्रू काढून फ्लोट अलगद बाहेर घ्यावा. हे काम उघड्यावर, बॅटरी सुटलेली असता आणि जवळपास विडी-काडी नसता करावे. गाडी पेट्रोलची असेल तर याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. बाहेर काढलेल्या फ्लोटचा दांडा खाली सोडून त्याच्या स्क्रूपासून झाकणाच्या धातूपर्यंतचा रोध मोजावा, मग दांडा पूर्ण वर उचलून पुन्हा मोजावा, आणि अखेरीस दांडा अत्यंत सावकाश खालून वर नेताना आकडा सलग चढतो अथवा उतरतो, की मधेच उडी मारतो, हे पाहावे. ज्या गाड्यांत नेहमी थोडे थोडेच डिझेल भरले जाते त्यांच्या फ्लोटची बारीक तार खालच्या पट्ट्यातच झिजलेली मला आढळली आहे. असा फ्लोट साफ करून काही दिवस चालतो, परंतु तो बदलणेच श्रेयस्कर. मिळालेले दोन आकडे कागदावर लिहून तो कागद दुकानात न्यावा आणि त्या आकड्यांचाच मीटर मागावा. मीटर घरी आणल्यावर तो गाडीत बसविण्यापूर्वी टेबलावर, बॅटरी आणि त्या त्या ओहमचे दोन साधे रोध जोडून, काटा दोन्ही टोकांना बरोबर जातो याची खातरजमा करून घ्यावी.

मीटर गाडीत बसलेला असताना करावयाची परीक्षाही सोपी आहे. चावी चालू ठेवून टाकीवरील तार फ्लोटपासून सुटी करावी. काटा एका टोकाला जाईल. तीच तार क्षणभर चासीला टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाला निघेल. दोन्ही घडले तर मीटर आणि लांब तार निर्दोष आहेत, दोष फ्लोटमध्ये अथवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काहीच घडले नाही तर तीच परीक्षा मीटरच्या पाठीमागील स्क्रूवर करावी, म्हणजे तार तुटली की मीटर मेला याचा निकाल लागतो. क्षणभर हा शब्द मी हेतुपुरस्सर योजिला आहे. जुन्या मीटरांत एक जात अशी असते, की तिच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असून तिच्याभोवती गुंडाळलेली तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. चावी फिरविल्यावर काटा सावकाश, जणू विचार करीत वर येतो तो मीटर या जातीचा समजावा. तो सरळ अर्थिंगवर धरून ठेवला तर त्याची तार जळते. दुसरी जात दोन वेटोळ्यांची; तीत काटा तत्काळ झेप घेतो, आणि दोन वेटोळ्यांतील प्रवाहांचे प्रमाणच तो दाखवीत असल्यामुळे बॅटरीचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी त्याची साक्ष फिरत नाही.

तापणाऱ्या जातीच्या मीटरांना मात्र दाब स्थिर लागतो, आणि तो देण्यासाठी डॅशबोर्डामागे काड्यापेटीहून लहान असा एक डबीवजा स्टॅबिलायझर बसविलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत तो सरासरी १० व्होल्ट, तर अमेरिकन पद्धतीत सुमारे ५ व्होल्ट पुढे सोडतो. ही डबी पाहून अनेक जण तिला निरुपयोगी समजतात, तिची दोन्ही तोंडे जोडून टाकतात, आणि पाच व्होल्टच्या मीटरवर बारा व्होल्ट सोडून त्याचा अंत घडवून आणतात. डबीचे स्वतःचे अर्थिंग तुटले तरी पूर्ण दाब पुढे जातो. यावरून निदानाचा एक सुरेख नियम निघतो, आणि तो मी प्रत्येक गाडीमालकाला आवर्जून सांगतो: डिझेल आणि टेम्परेचर हे दोन्ही काटे एकदमच अवाजवी वर जाऊ लागले तर स्टॅबिलायझर पाहावा, दोन्ही एकदमच मेले तर फ्यूज, चावीकडील तार अथवा स्टॅबिलायझर पाहावा, एकच बिघडला असेल तर त्याचा स्वतःचा सेन्सर, त्याची तार, त्याचे अर्थिंग पाहावे, आणि दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

टेम्परेचरच्या काट्याविषयी लिहिताना मला आंबा घाटातील एक संध्याकाळ आठवते. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे भरलेला हौदा घेऊन चढत असताना निम्म्यावर उभा असलेला काटा हळूहळू खाली येऊ लागला, आणि सायंकाळच्या वाऱ्याने इंजिन निवत आहे अशी समजूत करून घेऊन मी तसाच चढत राहिलो. पुढच्या दोन वळणांत बॉनेटखालून वाफ निघाली आणि हेड गॅस्केट गेले. झाले होते ते असे, की रेडिएटरचा खालचा पाइप फाटून पाणी वाहून गेले होते, सेन्सरचे टोक पाण्याबाहेर उघडे पडले होते, आणि पाण्याचा स्पर्शच नसल्यामुळे तो थंड असल्याची साक्ष देत होता. चढावर, भार असताना, कारणावाचून उतरणारा काटा चढणाऱ्या काट्याइतकाच भयसूचक मानावा आणि गाडी तत्काळ बाजूला घ्यावी. हेडच्या बोल्टाखाली बसणारे चकतीसारखे सेन्सरही मिळतात; पाणी गेले तरी ते धातूचे तापमान सांगतात, आणि त्यांच्या जोडीला एक लहानसा बझर लावला तर घाटातील चालकाला तो मोठाच आधार होतो. मी आता तो लावून घेतला आहे.

या सेन्सरची आणखी एक खोड ध्यानात ठेवावयास हवी. बहुतेक टेम्परेचर सेन्सरांचा रोध उष्णता वाढली की कमी होतो. म्हणून त्यांच्या वाटेत गंजाचा रोध शिरला की काटा खोटा थंडावा दाखवितो. डिझेलचा काटा चुकला तर गाडी रस्त्यात थांबते, हा चुकला तर इंजिन जाते. सेन्सर बसविताना पाणी गळू नये म्हणून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळण्याची जी सवय आहे ती येथे घातक आहे, कारण एकतारी सेन्सरचे अर्थिंग त्या आट्यांतूनच होते. तांब्याचे वॉशर घालावे, आणि टेप लावणे अपरिहार्यच असेल तर एकच वेढा देऊन नंतर सेन्सरच्या षट्कोनी अंगापासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंतचा रोध मोजून पाहावा.

ऑइल प्रेशरचे मीटर दोन प्रकारचे असतात. एकात इंजिनापासून बारीक नळीने प्रत्यक्ष ऑइल डॅशबोर्डापर्यंत येते आणि मीटरमधील वक्र नळी दाबाने उलगडून काटा फिरविते. फ्रान्समधील यूजेन बूर्दोन याने १८४९ साली पेटंट घेतलेली ही युक्ती इतकी सरळ आहे की तिला विजेची गरजच नाही आणि तिची साक्षही फारशी चुकत नाही. परंतु नळी चिरली तर गरम ऑइल पायांवर सांडते, म्हणून केबिनमध्ये मी विजेचाच मीटर पसंत करतो आणि त्याची पारख करण्यापुरता नळीचा मीटर वर्कशॉपमध्ये ठेवतो. विजेचा मीटर बसविला तरी जुना तांबडा दिवा काढू नये. पितळी टी बसवून एका बाजूला मीटरचा सेन्सर आणि दुसऱ्या बाजूला दिव्याचा स्विच असे दोन्ही ठेवावेत. चालकाची नजर रस्त्यावर असते, आणि काटा पडल्याचे त्याला दिव्याच्या उजेडानेच कळते.

आता अँपिअर मीटर. जुन्या गाड्यांत सेल्फचा प्रवाह वगळता गाडीचा जवळजवळ सारा प्रवाह या मीटरच्या दोन स्क्रूंमधून जातो, आणि पुष्कळ गाड्यांत त्या वाटेवर फ्यूजही नसतो. डायनॅमो वीस-पंचवीस अँपिअर देत असे त्या काळी हे ठीक होते. पुढे अल्टरनेटर आला, मोठे हेडलाइट आले, टेप आला, आणि तीच जुनी तार व तेच स्क्रू दुप्पट प्रवाह वाहू लागले. त्यातील एक नट हादऱ्याने सैल झाला की तेथे उष्णता निर्माण होते, आवरण वितळते, आणि डॅशबोर्डामागे आग लागू शकते. ज्या गाडीत अल्टरनेटर बसविला आहे तीत अँपिअर मीटर सेवानिवृत्त करावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या दोन्ही जाड तारा मीटरवरून सोडवून एका बोल्टावर थिंबलांनी घट्ट जोडाव्यात, त्यावर जाड स्लीव्ह चढवावी, त्या वाटेवर बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा, आणि त्याच जागी व्होल्टमीटर बसवावा. व्होल्टमीटरला चावीनंतरचा फ्यूज असलेली एक बारीक तार आणि एक अर्थिंग पुरते. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते; इंजिन चालू असता काटा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. त्याच्या खाली राहिला तर चार्जिंग नीट होत नाही, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळत आहे असे समजावे.

येथेच चार्जिंगच्या तांबड्या दिव्याविषयी एक सूचना. अनेक अल्टरनेटरांना जागे होण्यासाठी लागणारा पहिला प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. दोन-तीन वॅटचा तो बल्ब उडाला, किंवा त्याच्या जागी हौसेने बारीक एलईडी बसविली, की अल्टरनेटर निर्दोष असूनही चार्ज करीत नाही, अथवा इंजिन जोराने रेस केल्यावरच करू लागतो. अल्टरनेटर उघडण्यापूर्वी हा बल्ब पाहावा.

स्पीडोमीटरला, त्याच्या उजेडाचा बल्ब सोडल्यास, जुन्या गाडीत विजेशी कर्तव्य नसते. त्याची केबल काढून पुसावी, किंचित ग्रीस लावावे आणि फार तीव्र वाकण न देता परत बसवावी. मीटरांच्या उजेडाचे बल्ब पार्किंगच्या लाइटच्या तारेवर घ्यावेत.

प्रत्यक्ष तारजोडणीत जुन्या हार्नेसला ठिगळे लावण्यापेक्षा मीटरांपुरता नवा, लहान हार्नेस स्वतंत्र ओढावा हे मला नेहमी सोयीचे वाटले आहे. पुरवठ्याला आणि सेन्सरांना एक चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तंतूंची, वाहनांसाठी बनविलेली तार घ्यावी. घरातील एकतंतू तार हादऱ्याने तुटते. पुरवठा चावीनंतरच्या अग्रावरून, पाच अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमार्गे घ्यावा. जर्मन पद्धतीचे आकडे असलेल्या स्विचवर ३० म्हणजे बॅटरीचा कायम प्रवाह, १५ म्हणजे चावीनंतरचा आणि ३१ म्हणजे अर्थिंग. ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत तपकिरी तार बॅटरीची, पांढरी चावीची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थिंगची, हिरव्यावर काळी रेघ असलेली डिझेल अथवा पेट्रोलच्या फ्लोटची आणि हिरव्यावर निळी रेघ असलेली टेम्परेचरची. हे ज्ञान उपयोगी आहे, पण वीस वर्षांत ज्या गाडीवर दहा हात फिरले आहेत तिच्या रंगांवर विश्वास ठेवून प्रवाह सोडू नये. प्रत्येक तार टेस्ट लॅम्पने पारखावी आणि दोन्ही टोकांना कागदी टेपवर नाव लिहून चिकटवावे.

सांधे पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत सर्वस्वी वर्ज्य करावी. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो आणि सांधा उघडा पडतो. योग्य मापाची थिंबल चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबावी, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी, आणि तार जोराने ओढून पाहावी. सोल्डर केलेला सांधा दिसावयास उत्तम असतो, परंतु सोल्डर जेथे संपतो तेथे तार ताठ होऊन हादऱ्याने मोडते, म्हणून तो आधाराशिवाय लोंबकळत ठेवू नये. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट घालावा. सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड यांच्यापासून वीतभर अंतर राखावे, चासीच्या आतल्या अंगाने क्लिपा मारीत टाकीपर्यंत जावे, आणि इंजिन हलते म्हणून सेन्सरजवळ तारेला थोडी सैल कमान ठेवावी. टाकीकडील तारेला जाळीची किंवा नालीदार नळी घालणे हे उंदरांच्या उपद्रवामुळे गावाकडे विशेष अगत्याचे आहे.

काम पुरे झाल्यावर बॅटरीची ऋण केबल एकदम जोडू नये. प्रथम केबल आणि अग्र यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब जोडावा. चावी बंद असता तो अंधारात राहिला पाहिजे. तो लख्ख पेटला तर कोठेतरी धन तार लोखंडाला टेकली आहे, आणि बल्ब मधे असल्यामुळे काहीही न जळता आपणांस तिची इतल्ला मिळाली आहे. बल्ब शांत राहिला की केबल जोडावी, चावी फिरवावी, प्रत्येक काट्याची आणि दिव्याची हजेरी घ्यावी, इंजिन चालू करून ऑइलचा दिवा विझतो व व्होल्टमीटर वर येतो हे पाहावे, आणि पहिले दहा-पंधरा किलोमीटर दर थांब्यावर डॅशबोर्डामागील तारांना हात लावून कोणती तापते आहे काय ते तपासावे.

राहता राहिले काट्याचे आणि लिटरांचे नाते. गाडी सपाट जागी उभी करून टाकी जवळजवळ रिकामी करावी आणि कॅनने पाच-पाच लिटर डिझेल ओतीत, दर वेळी काटा स्थिर होण्यास दोन मिनिटे देऊन, तो कोठे उभा राहतो ते कार्डावर काढून ठेवावे. टाकीचा आकार सारखा नसल्यामुळे अर्ध्या काट्याला अर्धी टाकी असतेच असे नाही, म्हणून हे कार्ड सूर्यपडद्याच्या मागे चिकटविलेले असावे; तारांचा नकाशा, रंगांसह, मेणकापडात गुंडाळून त्याच्या शेजारी. माझी वेताची काठीही मी अद्याप सीटमागे ठेवली आहे. माझ्या टाकीची अशी मोजणी केली त्याच दिवशी दर पाच लिटरांना तिच्यावर चाकूने एकेक खूण पाडली, आणि आता दर सहा महिन्यांनी एकदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, ती टाकीत बुडवून तिचा आकडा काट्याच्या आकड्याशी ताडून पाहतो.